रिकाम्या अंबारीची सबब

गेल्या हिवाळ्यात आमच्या इंदुरातील एका वाचनालयात दारा शिकोहवर एक व्याख्यान झाले. वक्ते बहुश्रुत होते आणि वाणीही रसाळ होती. दाराने उपनिषदांचे फारसी भाषांतर कसे करविले, त्यासाठी काशीचे पंडित कसे बोलाविले, हे सारे त्यांनी तन्मयतेने सांगितले. मग समूगढची लढाई आली. विजय हातातोंडाशी आला होता. तोच एका घरभेद्याच्या सल्ल्यावरून दारा हत्तीवरून उतरला, सैन्याने रिकामी अंबारी पाहिली आणि हिंदुस्थानचे भाग्य फिरले, असे ते म्हणाले. सभागृहातून एक सुस्कारा उमटला. माझ्या शेजारच्या गृहस्थांनी तर डोळे पुसले. मी मात्र त्या सुस्काऱ्याने अस्वस्थ होऊन घरी आलो. ती अस्वस्थता लिहून काढल्याखेरीज जाईल असे दिसत नाही, म्हणून हा लेख.

प्रथमच सांगून टाकतो की, दाराच्या विद्वत्तेविषयी मला कसलाही संशय नाही. 1655 चा ‘मज्मउल्-बहरैन’ आणि 1657 चा ‘सिर्रे अकबर’ हे ग्रंथ लिहिणारा दुसरा राजपुत्र आपल्या इतिहासात नाही. त्याच ‘सिर्रे अकबर’वरून आंकेतिल द्युपेरों या फ्रेंच पंडिताने लॅटिन भाषांतर केले आणि त्यातून शोपेनहौअरला उपनिषदे भेटली. हे ऋण मोठे आहे आणि ते मानलेच पाहिजे. 2017 मध्ये दिल्लीतील डलहौसी मार्गाला दाराचे नाव दिले गेले, 2020 मध्ये हुमायूनच्या मकबऱ्यातील त्याची कबर शोधण्यासाठी एक समिती नेमली गेली, याबद्दलही माझी तक्रार नाही. माझी तक्रार निराळी आहे. ग्रंथकार दाराचे पुण्य सेनापती दाराच्या खात्यावर जमा करण्याचा जो व्यवहार सध्या सर्रास चालला आहे, तो लबाडीचा आहे. त्या लबाडीत हजारो माणसांचे मरण हिशेबातून गळून जाते.

दारा हा आपल्या यादवी युद्धात ओढला गेलेला कोणी विरक्त साधू नव्हता. 1657 च्या सप्टेंबरात शहाजहान आजारी पडला तेव्हा बादशाही फौज, आग्र्याचा खजिना, फर्माने काढण्याचा अधिकार, हे सारे व्यवहारतः त्याच्याच हाती होते. साठ हजारांची मनसब कोणत्याही मोगल राजपुत्राला त्यापूर्वी मिळाली नव्हती. ती त्याला मिळाली. तख्ताशेजारी त्याच्यासाठी सोन्याची खुर्ची मांडली जाई. धाकट्या तिघा भावांपैकी शुजा बंगालमध्ये, मुराद गुजराथेत आणि औरंगजेब दक्षिणेत होता. विजापूरच्या मोहिमेत गुंतलेल्या औरंगजेबाकडील सरदारांना परत बोलावण्याची फर्माने दरबारातून सुटली आणि महाबतखान व बुंदीचा राव छत्रसाल हाडा हे दक्षिण सोडून निघाले. ही खेळी चतुर होती. ती खेळणारा माणूस राजकारणात नवखा नव्हता, हे त्याच्या भक्तांनी लक्षात ठेवावे.

त्याला रणांगणाचा धडा आधी मिळाला नव्हता असेही नाही. 1649 आणि 1652 अशा दोन वेळा औरंगजेबाला कंदाहार घेता आले नाही. तेव्हा आपण ते घेऊन दाखवू या ईर्षेने दारा 1653 मध्ये मोठी फौज आणि तोफखाना घेऊन गेला. पाच महिने वेढा चालला. छावणीत मांत्रिकांचीही वर्दळ होती. किल्ला पडला नाही. अपयश दोघाही भावांच्या पदरी आले, पण औरंगजेबाला त्यापूर्वी बल्खच्या मोहिमेचा आणि नंतर दक्षिणेतील वर्षानुवर्षांच्या लढायांचा सराव होता. दारा मात्र कंदाहारहून परत आला तो थेट दरबारात. समूगढपर्यंत त्याने दुसरी मोहीम स्वतः चालविली नाही.

आता माळव्याकडे वळू. हा भाग आमच्या पायाखालचा असल्यामुळे थोडा रेंगाळलो तर वाचकांनी क्षमा करावी. इंदूरहून रतलामकडे जाणाऱ्या गाडीला फतेहाबाद-चंद्रावतीगंज नावाचे स्थानक लागते. तेथील गुलाबजाम प्रसिद्ध आहेत आणि बहुतेक प्रवाशांना त्या गावाची तेवढीच ओळख असते. पण ‘फतेहाबाद’ हे नाव औरंगजेबाच्या विजयाचे आहे. 1658 च्या एप्रिलमध्ये नर्मदा ओलांडून तो वर आला, देपालपूरजवळ मुराद त्याला येऊन मिळाला आणि 15 एप्रिलला धरमत येथे महाराजा जसवंतसिंहाच्या बादशाही फौजेशी गाठ पडली. रतलामचा रतनसिंह राठोड, कोट्याचा मुकुंदसिंह हाडा, असे एकाहून एक मोहरे त्या दिवशी पडले. रतनसिंहाची छत्री अजून तेथे आहे.

जसवंतसिंह का हरला? त्याने जागा वाईट निवडली, तोफांकडे दुर्लक्ष केले, हे खरे. पण त्याला आग्र्याहून जो हुकूम मिळाला होता तोच मुळी पांगळा होता. राजपुत्रांना शक्यतो समजावून परत पाठवावे, निरुपाय झाला तरच लढावे, आणि त्यांच्या जिवाला अपाय होऊ देऊ नये, असा त्याचा भाव. बरोबरीला दिलेला कासिमखान हा स्वतंत्र सरदार. त्याची मोगल पथके त्या दिवशी जवळजवळ बघ्याचीच राहिली. म्हातारा बाप मुलांच्या जिवाला जपत होता हे समजण्याजोगे आहे. परंतु यादवीत अर्ध्या मनाने धाडलेली फौज शत्रूला पोसते. आणि शहाजहानच्या नावाने कारभार पाहणारा, त्या युद्धाचा खरा सूत्रधार, दाराच होता.

धरमतच्या लढाईतील एक बारीकशी गोष्ट मराठी वाचकाने मुद्दाम ऐकावी. बादशाही तळाच्या रक्षणाला मालूजी आणि परसूजी नावाचे दोन मराठा सरदार होते. मुरादने तळावर घाला घातला तेव्हा ते निसटले. औरंगजेबाच्या बाजूला तर मराठे याहून जास्त होते. अथर अली यांनी या काळच्या हजारी व त्यावरील मनसबदारांची नावनिशीवार मोजदाद केली आहे. समूगढपर्यंत औरंगजेबाच्या पक्षाला 21 हिंदू मनसबदार आढळतात, त्यांपैकी 10 मराठे. दाराच्या पक्षाला 24 हिंदू, त्यांपैकी मराठे अवघे 2. एका बाजूला 21 आणि दुसऱ्या बाजूला 24! ज्यांना या लढाईत उदार धर्म आणि कट्टर धर्म यांचा सामना दिसतो, त्यांनी हे दोन आकडे जवळ ठेवावेत. सरदार आपापल्या मनसबीकडे, अपमानाकडे आणि भवितव्याकडे पाहून पक्ष निवडत होते. दाराचा पराभव ही त्याच्या पाखंडाची शिक्षा होती असे म्हणणारे औरंगजेबाचे भाट जितके खोटे, तितकेच ते भारताच्या आत्म्याचे दुर्दैव होते असे म्हणणारे आजचे भावुकही खोटे. दोघेही रणांगणाचे धर्मपीठ करतात आणि मग सेनापतीने काय केले हा साधा प्रश्न विचारायचे राहून जाते.

तो प्रश्न मी विचारतो. दाराचा थोरला मुलगा सुलेमान शिकोह निवडक फौजेनिशी पूर्वेकडे गेला होता. मिर्झाराजा जयसिंह त्याच्याबरोबर होता. 1658 च्या फेब्रुवारीत काशीजवळ बहादूरपूर येथे त्यांनी शुजाची दाणादाण उडविली आणि त्याला मुंगेरपर्यंत रेटीत नेले. उत्तम सैन्य आणि उत्तम सेनानी आग्र्यापासून शेकडो मैलांवर अडकून पडले. धरमतची बातमी आल्यावर त्यांना बोलावणे गेले खरे. पण दाराने त्यांची वाट पाहिली नाही. शहाजहानने सुलेमान येईपर्यंत थांबण्याचा सल्ला दिला होता, स्वतः रणांगणावर येण्याचीही तयारी दाखविली होती, असे त्या काळचे वृत्तान्त सांगतात. बादशहा स्वतः छत्राखाली उभा राहिला असता तर औरंगजेबाच्या किती सरदारांनी बापावर तलवार उपसली असती? दाराला हे कळत नव्हते असे मला वाटत नाही. विजय आपल्या एकट्याच्या नावावर पडावा ही हाव त्याला आवरली नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

मग चंबळ. धौलपूरचे उतार दाराने तोफा लावून अडविले. औरंगजेबाने चंपतराय बुंदेल्याच्या मदतीने सुमारे चाळीस मैल पूर्वेला, जेथे पहारा नव्हता असा उतार शोधला आणि पाण्यावाचून तडफडत, माणसे गमावीत, फौज पलीकडे नेली. दाराची नाकेबंदी एका रात्रीत निरर्थक झाली. आग्र्याची वाट उघडी पडल्यामुळे त्याला घाईने मागे फिरावे लागले आणि त्या घाईत जड तोफा नदीकाठीच सोडाव्या लागल्या. नदीचे एकच पात्र अडवून बसायचे आणि बाकीच्या काठावर घोडेस्वारही फिरवायचे नाहीत, हा कोणत्या घरभेद्याचा सल्ला होता?

28 मे या दिवसाविषयी आमच्या वक्त्यांनी एक अक्षरही उच्चारले नाही, आणि माझ्या मते सारा इत्यर्थ त्या दिवसात आहे. औरंगजेबाची फौज तहानलेली, थकलेली, दहा-दहा कोसांच्या मजला मारून समूगढपाशी नुकती पोचत होती. दाराची फौज ताजी होती, आग्रा पाठीशी होता. त्याने सैन्य मैदानात आणून रांगा लावल्या. ज्येष्ठातले ऊन. आग्र्याकडचे ज्येष्ठातले ऊन ज्यांनी अनुभवले आहे त्यांना अधिक सांगावयास नको. स्वार अंगात चिलखते घालून, घोडे पाखरा चढवून सकाळपासून संध्याकाळपर्यंत उभे राहिले. माणसे आणि घोडी उष्म्याने कोसळली. हल्ल्याचा हुकूम आला नाही. सूर्य मावळल्यावर सैन्य तसेच तळावर परतले. त्या रात्री औरंगजेबाची माणसे पाणी प्याली, जेवली आणि झोपली.

शत्रूच्या एका गोळीवाचून दाराने आपली फौज एक दिवस अगोदर थकविली. का, याची कारणे निरनिराळी सांगितली जातात. ती काहीही असोत. त्या मैदानावर हुकूम देण्याचा अधिकार एकाच माणसाकडे होता. मला राहून राहून त्या बिनावाच्या स्वारांचे वाटते. ते राजपूत होते, सय्यद होते, दाराने ऐनवेळी आग्र्यात भरती केलेले नवखे लोकही होते. लोखंड तापून अंगाला चटके बसत असताना ते ज्याच्या शब्दाची वाट पाहत उभे राहिले, त्याने शब्द दिला नाही. आमचा सुस्कारा त्यांच्या वाट्याला कधी येत नाही.

29 मे. दुपारी तोंड लागले. दाराच्या तोफा पल्ल्याबाहेरच्या शत्रूवर तासभर आग ओकत राहिल्या. औरंगजेबाने आपला दारूगोळा राखून ठेवला. त्याच्यापाशी मीर जुमल्याचा तोफखाना आणि त्यावरचे फिरंगी गोलंदाज होते. धुरामुळे शत्रू खचला असे समजून दाराने चढाईचा हुकूम दिला. डाव्या बगलेचा रुस्तुमखान दख्खनी सरळ तोफांवर चालून गेला आणि मारला गेला. राव छत्रसाल हाडा, रामसिंह राठोड, रूपसिंह राठोड यांच्या पथकांनी मुरादला घेरले, औरंगजेबाच्या मध्यावर धडक मारली. रूपसिंह तर घोड्यावरून उतरून औरंगजेबाच्या हत्तीचे पट्टे तोडू लागला. शत्रूनेही त्याची वाहवा केली, त्याला जिवंत धरा म्हणून आज्ञा केली. ती पाळली गेली नाही. ही सारी शौर्ये एकेकटी होती. त्यांना एका सूत्रात ओवील असा हुकूम मागून येत नव्हता. कारण या वेळी सेनापती आपली मध्यावरची जागा सोडून स्वतःच पुढे धावला होता! तो आपल्याच तोफांच्या पुढे गेला, तेव्हा त्या तोफा मुक्या झाल्या. मग रुस्तुमखानाच्या मदतीला जावे की उजवीकडे राजपुतांच्या, या धांदलीत त्याने दिशा बदलली, आणि भर उन्हात, वाळूत, फौजेचा उरलासुरला दम निघून गेला. औरंगजेबाच्या तोफांचे खरे काम तेव्हा सुरू झाले.

या सर्वानंतर दारा हत्तीवरून उतरला आहे. रुस्तुमखान गेला, छत्रसाल गेला, दोन्ही राठोड गेले, डावी बगल मोडली, गोळे-बाण अंबारीपर्यंत येऊ लागले, त्यानंतर. अंबारी रिकामी झाल्याने सैन्य पळाले हे खरे असेलही, पण ते सैन्य तोपर्यंत हरलेले होते. रोग्याचा श्वास थांबल्यामुळे तो मेला असे वैद्याने सांगावे, त्यातलाच हा प्रकार.

खलीलुल्लाखानाच्या फितुरीची गोष्ट बर्निये आणि मनूची या दोघा परदेशी गृहस्थांनी रंगवून सांगितली आहे. मनूची तर दाराच्याच तोफखान्यात नोकरीला होता. हरलेल्या पक्षाच्या छावणीत अशा कथा लवकर पिकतात. पण घटकाभर ती अक्षरशः खरी धरू. तरी प्रश्न उरतोच. दाराने या माणसाचा पूर्वी घोर अपमान केला होता, असे तोच बर्निये सांगतो. मग अशा माणसाच्या हाती फौजेची संपूर्ण उजवी बगल देणारा कोण? फितुरी ही मोगली युद्धात पावसासारखी गृहीत धरावयाची गोष्ट होती. औरंगजेब पत्रे लिहून, वचने देऊन, वेळी खोटे बोलून माणसे जोडत होता. दारा दरबारातील मातब्बरांची थट्टा करीत होता. जयसिंहाला त्याने गवयासारखा दिसतोस म्हणून हिणविले, ही मनूचीची कथा. ती खरी असो वा नसो, समूगढच्या निकालानंतर जयसिंह सुलेमानला सोडून औरंगजेबाकडे गेला, ही कथा नव्हे.

अंबारीचाच विषय निघाला आहे तर दुसरी एक अंबारी पाहू. त्याच मैदानावर मुरादच्या हत्तीवर राजपुतांनी इतके बाण सोडले की त्याची अंबारी साळिंदरासारखी झाली. ती पुढे कित्येक वर्षे नवलाईची वस्तू म्हणून जपून ठेवली होती, असे खाफीखान लिहितो. मुरादच्या तोंडाला जखमा झाल्या, शेजारी लहान मुलगा होता, तरी तो खाली उतरला नाही. हत्ती पळू नये म्हणून पायांत साखळ्या घालण्याची आज्ञा औरंगजेबाने आपल्या हत्तीबाबत दिली, असेही सांगतात. मुराद मोठा मुत्सद्दी नव्हता. महिन्याभरातच औरंगजेबाने त्याला मथुरेजवळ मेजवानीत कैद केले आणि ग्वाल्हेरच्या किल्ल्यात त्याचा शेवट केला. पण त्याची अंबारी रिकामी झाली नाही.

रिकाम्या अंबारीचे आपणां मराठ्यांना इतके प्रेम का, याचे उत्तर मला ठाऊक आहे, आणि ते कबूल करायला संकोच वाटतो. पानिपतावर विश्वासराव पडल्यावर सदाशिवरावभाऊ हत्तीवरून उतरून घोड्यावर बसले, अंबारी रिकामी दिसली आणि फौज फुटली, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. त्या वाक्याने उपासमारीचे दोन महिने, यात्रेकरूंचा लबेदा, जाटांचे तुटलेले सख्य, हे सारे एका दमात विसरता येते. तीच सवय आपण दाराला लावतो. सबब ओळखीची असली की ती खरी वाटू लागते.

प्रतिपक्षाच्या बाजूने एक गोष्ट मात्र न्यायाने सांगितली पाहिजे. समूगढनंतर दारा काहीच शिकला नाही असे नाही. 1659 च्या मार्चमध्ये अजमेरजवळ देवराईच्या खिंडीत त्याने जी जागा धरली ती उत्तम होती. दोन्ही बाजूंना डोंगर, समोर भिंती आणि खंदक. दोन दिवस औरंगजेबाच्या फौजेला त्याने डोके वर काढू दिले नाही. औरंगजेबाचाच सासरा शाहनवाजखान त्याच्या बाजूने लढत पडला. जम्मूच्या राजाच्या डोंगरी लोकांनी मागच्या कड्यावरून वर चढून मोर्चा उलटविला, तेव्हाच हे ठाणे पडले. देवराईचा दारा समूगढच्या दाराहून पुष्कळ बरा सेनापती होता. त्याच्या पूजकांना याची वार्ताही नसते, कारण तेथे हत्ती नव्हता.

पण मधल्या दहा महिन्यांत काय घडले? लाहोरला खजिना होता, वीस हजारांची फौज जमली होती, पंजाबच्या नद्या आड होत्या. एकही मोठी लढाई न देता त्याने लाहोर सोडले. दाऊदखान कुरेशी हा त्याचा एकनिष्ठ आणि लायक सरदार. औरंगजेबाने त्याच्या नावाचे बनावट पत्र दाराच्या हाती पडेल अशी व्यवस्था केली, आणि दाराने त्या पत्रावर विश्वास ठेवून दाऊदखानाला दूर केले. उलट जसवंतसिंहाच्या वचनावर भिस्त ठेवून तो अजमेरला गेला. जसवंतसिंह फिरकला नाही. शेवटी बोलन घाटाच्या तोंडाशी मलिक जीवनाच्या घरी उतरला. या माणसाला एकदा दाराने हत्तीच्या पायांखालून सोडविले होते. त्यानेच त्याला धरून दिले. संशय घ्यायचा तेथे विश्वास आणि विश्वास ठेवायचा तेथे संशय, हे त्याचे दुर्दैव म्हणून सांगितले जाते. सेनापतीच्या बाबतीत त्याला दुर्दैव म्हणत नाहीत. माणूस ओळखणे ही त्याची विद्या असते, जशी शस्त्रवैद्याची नाडी.

1659 च्या ऑगस्टअखेर त्याला दिल्लीत मळक्या हत्तिणीवरून फिरविले, दुसऱ्या दिवशी मारले. लोक रस्त्यात रडले. ते अश्रू खरे होते आणि त्यांची मला थट्टा करावयाची नाही. औरंगजेबाचे ते कृत्य नीच होते, हेही येथेच लिहून ठेवतो, म्हणजे कोणी मला त्याचा वकील समजू नये. लायक सेनापती लायक राजा असतोच असे नाही. पुढच्या पन्नास वर्षांत दक्षिणेने त्याचा अनुभव घेतला, आणि आपल्याइतका तो कोणी घेतला नाही. पण राजा म्हणून औरंगजेब कसा निघाला यावरून समूगढच्या मैदानावर दारा कसा वागला हे ठरत नाही. दारा जिंकता तर काय झाले असते, याचे स्वप्न ज्याला पडते त्याने खुशाल पाहावे. मला एवढेच दिसते की, जो माणूस आपल्या पन्नास हजार माणसांना एक दिवस विनाकारण उन्हात उभे करतो, तो एवढे विशाल राज्य कसे चालविता, याचा काही पुरावा आपल्यापाशी नाही.

वाचनालयाच्या चिटणिसांना मी पत्र पाठविले आहे. व्याख्यातेमहाशयांना पुन्हा बोलवावे, मी श्रोत्यांत बसेन. विनंती एकच, की त्यांनी या वेळी गोष्ट 28 मेच्या सकाळपासून सुरू करावी आणि रुस्तुमखानाचे नाव घ्यायला विसरू नये.